केरबा कॉम्प्युटर जपतो

हिरण्यकेशीच्या काठी एका गावात एक भोळा मामा होता. नाव केरबा. भोळा म्हणजे किती? ‘दाराकडं बघ’ असं सांगितलं, तर चोर मागच्या खिडकीनं भांडी नेईपर्यंत तो दाराकडंच बघत बसायचा. त्याची थोरली बहीण शालनआक्का. तिची मुलगी कस्तुरी, दहावीतली. तिघं एकाच घरात राहायची, शिवाय कस्तुरीची आजी, म्हणजे आक्काची सासू.

कस्तुरीला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा होता. आक्का वर्षभर नाही म्हणाली. शेवटी केरबा मध्ये पडला. “आक्का, घे की पोरीला. मी आहे ना सांभाळायला!”

आक्काला तीच काळजी होती. पण ती कबूल झाली. अट एकच. तालुक्याला गेमची स्पर्धा होती. तिथं पहिला नंबर आला तर कॉम्प्युटर घरात राहणार. नाहीतर दुकानात परत.

कॉम्प्युटर आला. भला मोठा डबा, बाजूला काच, आत लाल-निळे दिवे. कस्तुरीनं सगळ्या वायरी जोडल्या आणि गेम उतरवायला लावला. त्याला चार तास लागणार होते, आणि तिला क्लासला जायचं होतं.

“मामा, मी येईपर्यंत ह्याला अंड्यासारखं जप हं!”

“काळजी सोड,” केरबा म्हणाला.

अंडी कशी जपतात हे केरबाला चांगलं ठाऊक होतं. त्यानं डबा आडवा करून पाटीत ठेवला. भोवती भाताच्या काड्यांचं पिंजर कोंबलं. वर खुडूक कोंबडी बसवली. कोंबडीला जागा फार आवडली. खालून आयतीच ऊब होती.

कस्तुरी परत आली तेव्हा डबा तापून बंद पडला होता आणि कोंबडी तिच्यावरच धावून आली.

“मामा! हे काय?”

“अजून फुटलं नाही,” केरबा म्हणाला. “एकवीस दिवस लागतात.”

कस्तुरीनं कपाळाला हात लावला. काच काढून, ब्रशनं एकेक काडी वेचायला तिला अख्खा रविवार लागला. “मामा, गरम झालं की ऊब द्यायची नसते. वरचं सगळं काढायचं आणि पंखा लावायचा. ध्यानात ठेव.”

केरबानं ध्यानात ठेवलं.

मंगळवारी आजीला हुडहुडी भरून ताप आला. ती दोन गोधड्या घेऊन झोपली. आक्का दूध घालायला डेअरीकडं निघाली होती. “केरबा, आत्याबाईंचं अंग लई गरम झालंय. जरा बघ.”

केरबानं बघितलं. मग वरची गोधडी काढली. खालची काढली. टेबलफॅन उशाशी आणून तीनवर लावला.

आजीच्या कवळीनं ताशासारखा ताल धरला. “मुडद्या! मारतोस काय मला?”

“पंख्यात काडी अडकलीय वाटतं. आवाज येतोय,” केरबा म्हणाला आणि ब्रश शोधायला गेला.

आक्का वेळेवर आली म्हणून बरं. दोन दिवसांनी आजी उठून बसली आणि तिनं केरबाला समोर उभं केलं. “आधी विचारावं रे माणसानं. ‘काय होतंय?’ म्हणावं. उत्तर मिळेपर्यंत हात लावू नये. कळलं?”

केरबाला कळलं.

शनिवारी कस्तुरी सराव करत होती. मध्येच पडद्यावरचं चित्र गोठलं. तेवढ्यात आक्कानं जेवायला हाक मारली. “मामा, हा अडलाय बघ. मी आलेच,” म्हणून ती गेली.

केरबा डब्यासमोर मांडी घालून बसला. “काय होतंय?”

डबा गप्प.

“लाजू नको. काय होतंय?”

डबा गप्प. केरबानं काचेला तोंड लावून ओरडून विचारलं. शेजारचे दोघं काय झालं म्हणून धावत आले. कस्तुरी हात पुसत आली तेव्हा मामा घामाघूम झाला होता.

“बहिरा निघाला गं. दुकानदारानं फसवलं.”

“मामा, विचारत काय बसलास? अडलं की बंद करायचं. दहापर्यंत मोजायचं. पुन्हा चालू करायचं.”

तिनं तसं केलं. कॉम्प्युटर झकास चालू झाला. केरबा बघतच राहिला. इतकी सोपी गोष्ट आपल्याला आजवर कुणी सांगितली नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

स्पर्धेचा दिवस आला. हॉल खचाखच भरला होता. कस्तुरी शेवटच्या फेरीत पोचली. खेळ असा, की समोरच्याचा झेंडा पळवायचा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. कस्तुरीचा गडी दगडाआड दबा धरून बसला. समोरचा चार पावलांवर आला. कस्तुरी हलेना. लोकांनी श्वास रोखला.

केरबा ताडकन उभा राहिला. “अडली!”

तो पळत दाराशी गेला आणि त्यानं हॉलचं मेन बटण खाली ओढलं. सगळं बंद. “एक, दोन, तीन...”

सातावर कुणीतरी ओरडलं, “कोण आहे रे तिकडं?” केरबाचा आकडा चुकला. त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

पंच म्हणाले, डाव पहिल्यापासून. कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मामा, कॉम्प्युटर नव्हता अडला. मी मुद्दाम थांबले होते! पुन्हा मेन बटणाला हात लावू नको. माणूस थांबला तर आधी त्याच्याजवळ जायचं.”

“माणसाजवळ जायचं,” केरबा पुटपुटला.

डाव पुन्हा सुरू झाला. आक्कानं केरबाचा एक हात धरला, शेजारच्यांनी दुसरा. कस्तुरीनं पुन्हा दबा धरला, पुन्हा वाट पाहिली आणि झेंडा पळवला. पहिला नंबर! आक्कानं टाळ्या वाजवायला केरबाचा हात सोडला. शेजारच्यांनीही सोडला.

बक्षीस द्यायला तालुक्याचे एक वजनदार पुढारी पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी माइक हातात घेतला. “ह्या कन्येनं आज आपल्या तालुक्याचं नाव... नाव...” पुढचा शब्द त्यांना आठवेना. “तालुक्याचं नाव...”

केरबा उठला. मेन बटणाकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ माणसाजवळ गेला. एका हातानं त्यानं पाहुण्यांचं तोंड बंद केलं, दुसऱ्या हातानं नाक, आणि न चुकता दहापर्यंत मोजलं. मग हात काढले.

पाहुणे लालबुंद होऊन खुर्चीत बसले. तोंड उघडं, पण शब्द फुटेना. केरबानं त्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं, कॉलर वर करून पाहिलं. मग माइक उचलून साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं,

“कस्तुरे, बंद तर झाले. ह्यांचं चालू करायचं बटण कुठाय गं?”