तीन नळ्यांची बंदूक

इनामदार भैरोजीरावांची जमीन गेली होती, वाडा आणि तोरा तेवढे शिल्लक होते. एकदा त्यांनी भर पाहुण्यांत बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाबालाल शिकलगाराला बोलावलं आणि तीन नळ्यांची जर्मन बंदूक पुढे टाकली.

"आमच्या आजोबांनी हिनंच नरभक्षक वाघ मारला. तसा दाखला लिही, नाहीतर आमच्या वाड्यातलं दुकान उचल."

बाबालालनं नळ्या उतरवून खालचे बारीक आकडे भिंगातून वाचले.

"आजोबा कधी वारले, सरकार?"

"एकोणीसशे वीस साली."

"बंदूक नवी असताना जर्मनीतल्या तपासनिसानं इथं तारीख ठोकलीय, मे एकोणीसशे अठ्ठावीस. म्हणजे आजोबांनी वाघ स्वर्गात मारला. दाखला तिथूनच मागवा."

पाहुणे पोट धरून हसले. दुकान उचलायचा विषय इनामदारांनी पुन्हा काढला नाही.