ओ देणारा घडा

एका राज्यात नद्या डोंगर चढत असत आणि त्याचे कुणाला नवल नव्हते. तिथली रीत मात्र कडक होती: हाक आली की ओ द्यायची, मग ती वैऱ्याची का असेना. त्या राज्याच्या सोमकेतू राजाची राणी मणिमाला वारली, आणि राजाच्या हाकेला ओ येईनाशी झाली.

तेव्हा कालिंजर नावाचा मायावी काळ्या मातीचा एक घडा घेऊन आला.

"महाराज, हाक मारा."

"मणिमाले!"

"ओ," घडा म्हणाला. आवाज राणीचाच होता.

"याला खायला काय लागते?" राजाने विचारले.

"आवाज. दुसरे काही नाही."

राजाने घडा ठेवून घेतला.

पहिल्या महिन्यात घड्याने झऱ्यांची झुळझुळ गिळली, दुसऱ्यात पानांची सळसळ, तिसऱ्यात पाखरांची किलबिल. झरे वाहत होते, पण मुके. त्या दाट अरण्यात गुराखी आवाजावरूनच पाणी शोधत. आता तहानलेली गुरे झऱ्यापासून वीस पावलांवर कोसळू लागली. प्रजा दाराशी आली. राजा हळहळला, पण घडा त्याने कुशीतून सोडला नाही.

मग शेजारच्या राज्यातून एक साळुंकी उडत आली आणि सिंहासनाच्या हातावर बसली.

"राजा, इथे माझाही कंठ फार टिकायचा नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तीन हाका मार. पहिली राणीला."

"मणिमाले!"

"ओ."

"दुसरी तुझ्या आचाऱ्याला."

"रंगोबा!"

"ओ," घडा म्हणाला. राणीच्याच आवाजात, तितक्याच गोडव्याने. दरबारात कुणीतरी फिस्सकन हसले.

"तिसरी कुणालाच नको. नुसता खोक."

राजा खोकला.

"ओ," घडा म्हणाला.

"आता सांग," साळुंकी म्हणाली, "राणी पहिल्या हाकेला ओ देत असे?"

"कधीच नाही. वेणी घालत असली की चार हाका माराव्या लागत. आणि वर म्हणे, 'आले ना, आभाळ कोसळलंय का?'"

"हे घड्याला येते?"

राजाने घड्याकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली.

"जिवंत आवाज देव ज्याच्या त्याच्या कंठात रोज नव्याने घालतो, राजा. तो साठवता येत नाही."

कालिंजर पुढे झाला. "महाराज, घडा फुटला तर ही ओ पुन्हा कधी ऐकू येणार नाही."

"ठाऊक आहे."

शेवटची एक हाक राजाच्या ओठांवर आली होती. ती त्याने मारली नाही. घडा उचलून पायरीवर आपटला.

कालिंजराचा धूर झाला. अरण्यात झरे बोलू लागले. पडलेल्या गुरांनी कान टवकारले, ती उठली आणि पाण्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पहिलीच तक्रार म्हाताऱ्या राजवैद्यांची होती.

"महाराज, तळ्यातले बेडूक फार ओरडतात. डोळ्याला डोळा लागत नाही. बंदोबस्त व्हावा."

राजाने तळ्याकडे कान दिला.

"ते देवाचे देणे आहे, वैद्यराज," तो म्हणाला. "ते बंद पाडण्याची चूक आमच्याकडून पुन्हा होणार नाही. पुढे कोण आहे?"