आवडीचा अर्धा पाट

भिंतीवरची ती फळी बघताय ना मघापासून? हात लावलात तरी चालेल. तीन कडा तासून गुळगुळीत केल्यात आणि चौथी नुसती करवतीने कापून सोडलीय. येणारा प्रत्येक पाहुणा आधी हेच विचारतो, की एवढ्या चांगल्या फणसाच्या पाटाचं असं कुणी केलं? कुणी म्हणतं मोडला असेल, कुणी म्हणतं सुताराने काम अर्धं टाकलं असेल. तसं काही नाही. हा पाट इतकाच असतो. आमच्या व्हाळवाडीत ज्या ज्या घरात कातळवाडीची सून आहे, त्या त्या घरात असा अर्धा पाट भिंतीला दिसेल. उरलेला अर्धा वर कातळवाडीत, तिच्या भावाच्या घरी असतो. माझा तिथेच आहे. आज भाऊबीज, म्हणजे दुपारपर्यंत तो इथे येईल. तोवर बसा, सांगते.

खालचा हा ओढा, त्याला आम्ही व्हाळ म्हणतो. त्याच्या अलीकडे व्हाळवाडी, पलीकडे चढ चढून गेलं की कातळवाडी. देवी दोन्ही गावांची एकच. शिमग्यात तिची पालखी व्हाळ ओलांडते, तेव्हा पाण्यात खांदा कुणी द्यायचा यावरून फार पूर्वी एकदा दोन्ही गावांत वाजलं. आधी शब्दाला शब्द, मग काठ्या निघाल्या, डोकी फुटली. पालखी म्हणे तशीच पाण्यात टेकवावी लागली. देवीचे पाय भिजले, याचं दोन्हीकडच्यांना फार लागलं आणि दोघांनीही खापर समोरच्यावर फोडलं. कातळवाडीच्या पुरुषांनी देवीपुढे नारळ ठेवून शपथ घेतली, की व्हाळवाडीच्या पाटावर म्हणून बसायचं नाही. व्हाळवाडीवाल्यांनी घेतली, की कातळवाडीची वस्तू उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही.

शपथा घेतल्या पुरुषांनी. इकडच्या मुली तिकडे आणि तिकडच्या इकडे दिलेल्या होत्या, त्यांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आवडी ही कातळवाडीची मुलगी. भांडणाच्या आदल्याच वर्षी लग्न होऊन इथे आली होती, बाबल गावकराच्या घरात. बाबल तिचा सासरा, गावचा मानकरी, शब्दाला पक्का आणि स्वभावाला त्याहून पक्का. नवरा गलबतावर असायचा, वर्षातून थोडे दिवस घरी. आईवडील वारलेले. माहेर म्हणून उरला होता एक धाकटा भाऊ, रवळू. आईचा म्हणून एक पाट उरला होता, तो रवळूने लग्नात तिच्याबरोबर पाठवला होता.

शपथ झाली आणि रवळूचं येणं थांबलं. भाऊबिजेला भाऊ पाटावर बसायला हवा. पाटावर बसायचं नाही तर यायचं कशाला? खाली जमिनीवर बसवून कुणी ओवाळत नाही, ते अशुभ. पहिल्या वर्षी आवडीने चंद्राला ओवाळलं. दुसऱ्या वर्षीही चंद्रालाच. ज्यांना भाऊ नाही त्या बायका तसं करतात हे तुम्हालाही ठाऊक असेल. पण हिला भाऊ होता, तोही एवढा जवळ, की त्याच्या घरातला दिवा लागलेला इथून दिसायचा.

मग एका पावसाळ्यात रवळू तापाने अंथरुणाला खिळला. आवडीला निरोप आला तेव्हा व्हाळ दुथडी भरलेला, पलीकडे जाता येईना. ती रोज काठावर उभी राहायची म्हणतात. रवळू वाचला, पण तिच्या मनात एकच बसलं. भाऊबिजेला बहिणीने ओवाळलं की यम भावाच्या वाटेला जात नाही. आपण दोन वर्षं ओवाळलं नाही, म्हणून तो दारापर्यंत येऊन गेला. आता तिसरं वर्ष चुकवायचं नाही. तिने निरोप धाडला, की भाऊबिजेला ये, नाही आलास तर मी तुझ्या दारात येऊन बसेन आणि उठणार नाही.

रवळू आला. हाडकलेला, काठी टेकत. खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभा राहिला, पण पायरी चढेना. आवडीने ओटीवर रांगोळी काढून आईचा पाट मांडला होता. निरांजन तयार होतं. शेजारपाजारचे कुंपणाला येऊन उभे, कारण असलं बघायला आमच्याकडे कुणाला बोलवावं लागत नाही.

"आवडे, रागावू नको," रवळू म्हणाला. "देवीसमोर बोल दिलेलो आसा. तुमच्या गावच्या पाटार मी बसूचंय नाय."

"ह्यो खंयचो आमच्या गावचो? आवशीचो पाट ह्यो. लहानपणी ह्येच्यारच बसान जेवलंस."

बाबल आतून बाहेर आला. त्याने पाटाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि म्हणाला, "त्येंचो असलो तर उंबऱ्याच्या भायर घाल. आमचो असलो तर तो ह्येच्यार बसाचो नाय. काय ता एकदा ठरव."

बघा बरं, म्हातारा खोटं काही बोलला नव्हता. पाट कातळवाडीचा म्हटलं तर तो या घरात राहू शकत नाही. व्हाळवाडीचा म्हटलं तर भाऊ त्यावर बसू शकत नाही. दोन्ही शपथा खऱ्या, आणि रवळूने आपली मोडावी म्हणावं तर देवीचा कोप त्याच्यावरच यायचा, नुकत्याच मरणातून उठलेल्या पोरावर. आवडीला तेच तर नको होतं. माझी आत्ये सांगायची, आवडी तेव्हा पाटाशीच खाली बसली. निरांजनातलं तूप संपत आलं.

मग ती उठली. पडवीत सासऱ्याची करवत टांगलेली होती ती काढली, पाट आडवा धरला, पायाखाली दाबला आणि मधोमध कापायला लागली. वाळलेलं फणसाचं लाकूड बाईच्या हाताने कापणं सोपं नाही. एकदा करवत सटकून तिच्या तळहाताला लागली, तरी थांबली नाही. रवळू रडायला लागला. बाबल नुसता बघत राहिला. शेवटी पाटाचे दोन तुकडे झाले. ते तिने सासऱ्याच्या पुढ्यात ठेवले.

"पाट ठरलो," ती म्हणाली. "अर्धो तुमचो, अर्धो त्येंचो. आता माका खंयसून कापतलास ता सांगा. मी पण ह्याच पाटावांगडा ह्या घरात इलंय."

या पाटाबरोबर मीही आलेय, मला कुठून कापता, असं विचारत होती ती.

बाबल गावकर खाली वाकला. त्याने दोन्ही अर्धे आपल्या हाताने उचलले आणि रांगोळीत कडेला कड भिडवून ठेवले. मग मान दुसरीकडे वळवली. "बस रे झिला," तो रवळूला म्हणाला. "खंयच्या अर्ध्यार बसलंस ता मी बघूक नाय."

रवळू बसला. आवडीने त्याला ओवाळलं, तिच्या हातून वातीवर रक्ताचा थेंब पडला तरी वात विझली नाही, असं सांगतात. खरी गंमत पुढे आहे. रवळू उठला आणि पाट हलवायला गेले, तर दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटलेले! कातळवाडीत म्हणतात, लाकडाला चीक फुटला होता. इतक्या वर्षांच्या वाळक्या लाकडाला! आमच्या व्हाळवाडीत म्हणतात, चीक कसला, आवडीच्या हातचं रक्त होतं ते, सुकून चिकटलं. मी दोन्हीकडची, कातळवाडीची लेक आणि व्हाळवाडीची सून. माहेरी मी चीक म्हणते आणि इथे रक्त म्हणते. पण फणसाचा चीक पांढरा असतो आणि सुकला की काळपट पडतो, रक्तही काळपटच दिसतं, तेव्हा बघणाऱ्यांना तरी काय कळलं असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

रवळूने ओढून सांधा सोडवला आणि तो आपला अर्धा पाट घेऊन व्हाळ ओलांडून गेला. मग दोन्ही गावांची माणसं देवळात गेली, कौल लावायला. देवीच्या अंगावर कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, लावायचे. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. शपथ मोडली का, एवढंच विचारायचं होतं. संध्याकाळपर्यंत एकही कळा पडला नाही म्हणे. देवी गप्प राहिली. आणि आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गप्प राहिलं की त्याची हरकत नाही असं धरतात.

आवडीचे ते मूळचे दोन अर्धे कुठे आहेत, ते मात्र विचारू नका. कातळवाडीत तीन घरं सांगतात की रवळूचा अर्धा आमच्याकडे आहे. तसं धरलं तर आवडीला भाऊ तीन होते!

आजही कातळवाडीची मुलगी इकडे यायची असली, की लग्नाआधी घरच्या फणसाचा पाट करतात आणि भावाच्या हाताने कापून घेतात. कापलेली कड कुणी तासत नाही. अर्धा तिच्याबरोबर येतो, अर्धा माहेरी राहतो. भाऊबिजेला भाऊ तो पिशवीत घालून आणतो. आता पुलावरून फिरून एसटी येते, तीत नवा कंडक्टर असला की विचारतो, हे काय नेताय? माझा भाऊ त्याला सांगतो, बहिणीकडे बसायला जातोय.

तो आला की बघा तुम्ही. मी दोन्ही अर्धे भिडवीन आणि तो बसेल, बरोबर सांध्यावर, कारण दोन्हीकडचं झालं पाहिजे. बसला की सांध्याचा चिमटा बसतो त्याला, दर वर्षी बसतो. सत्तरीचा माणूस, पण लहान मुलासारखा कळवळतो. वर कापडाची एखादी घडी घालायला काय होतं, असं लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, घडी घालायची नाही. आवडीला याहून जास्त लागलं होतं.