डाव्या बाजूची बॅग

बार्शीतल्या शोरूमचे मालक धनंजयशेठ गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवल्याशिवाय गाडी विकत नसत. त्या दिवशी भागवत सुतार नवी मोटरसायकल घ्यायला आले आणि म्हणाले, "सामानाची बॅग लावा. फक्त डाव्या बाजूला."

शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "काका, बॅगा दोन्हीकडे लावतात. एकीकडेच वजन टाकलं तर गाडी ओढणार. उभा जन्म लाकूड तासलंत, एवढं कळत नाही?"

भागवतकाकांनी सीटच्या डाव्या कडेवरून हात फिरवला. "शेठ, बायको एकतीस वर्षं माझ्या मागं दोन्ही पाय डावीकडे सोडून बसली. तिचा भार सांभाळायला मी अंग उजवीकडे झुकवून चालवायला शिकलो. ती जाऊन वर्ष झालं, तरी अंग सरळ होईना. जुनी गाडी रोज उजवीकडेच ओढायची. डावीकडे थोडं वजन असलं, की नवी तरी नीट चालेल."

शेठ स्वतः उठून बॅगांच्या फळीपाशी गेले. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "केवढी देऊ, काका?"

"लहानच द्या," भागवतकाका म्हणाले. "शेवटी शेवटी फार हलकी झाली होती ती."