शेऊचा घास

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कावळे माणसांशी बोलत आणि माणसंही हातातलं काम ठेवून त्यांचं ऐकून घेत.

एका गावाच्या वेशीजवळ एक माळीण राहायची. तिच्या मळ्यात मेथी, चाकवत, दोडका, भोपळा, काय नव्हतं? अख्खं गाव तिच्या भाजीवर जेवायचं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं होतं. तिच्या स्वतःच्या लेकीच्या पोटात भाजीचं एक पान जात नव्हतं. लेकीचं नाव शेवंती, सगळे तिला शेऊ म्हणायचे. दूधभात मटामटा खायची, भाजी दिसली की ओठ घट्ट मिटून घ्यायची.

शेऊला दोन वर्षं झाली, तरी ती रांगतच होती. माळणीने गावच्या सुईणआजीला बोलावलं. आजीने शेऊचे पाय चाचपले आणि म्हणाली, "पाय लुळे नाहीत गं, उपाशी आहेत. हिच्या पोटात भाजीपाला जाऊ दे. दिवाळीपर्यंत उभी राहिली तर राहिली, नाहीतर पुढं अवघड आहे."

त्या दिवसापासून माळीण चुलीपुढे बसून भाजीभाकरीचे बोटाएवढे घास करायची आणि ताटलीच्या कडेला मांडायची. "हा घास काऊचा. हा घास चिऊचा. हा घास माऊचा." मग ती तव्यावरच्या भाकरीकडे वळायची. भाकरी उलटून मागे पाहावं, तर ताटली रिकामी! माळीण हरखून जायची. महिनाभर हेच चाललं. पण शेऊचे पाय काही भरेनात.

एका सकाळी माळीण मेथीला पाणी देत होती. बांधावर एक कावळा येऊन बसला. हा मेला वाफे उकरणार, म्हणून तिने ढेकूळ उचललं.

"थांब बाई," कावळा म्हणाला. "ढेकूळ खाली ठेव. खाल्ल्या मिठाला जागायला आलोय."

"कुणाचं मीठ खाल्लंस तू?"

"तुझ्याच घरचं. महिना झाला, तुझी लेक रांगत उंबऱ्यापर्यंत येते आणि माझा घास मला देते. चिऊचा चिऊला देते. चिऊ भाकरीचा चुरा तेवढा टिपते. माऊ भाजी बघून नाक मुरडते, म्हणून तिचाही घास मीच उचलतो. बघ की, आता उडताना मला धाप लागते."

माळणीचं डोकंच फिरलं. "अस्सं! एवढीशी कार्टी आणि एवढी लबाड?"

"लबाड नाही गं, फार सरळ आहे ती," कावळा म्हणाला. "तूच सांगतेस ना, हा घास काऊचा? मग काऊचा घास ती कशी खाईल? दुसऱ्याच्या वाटचं ती तोंडात घालत नाही. काऊ, चिऊ, माऊ, साऱ्यांच्या नावाने घास केलेस बाई. तिच्या नावाचा एक तरी केलास का?"

माळणीने हातातलं ढेकूळ खाली ठेवलं. तिला लाज वाटली, आणि आपली लेक अशी आहे हे ऐकून ऊरही भरून आला. ती म्हणाली, "कावळेदादा, तुझे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? माझा एक घास चालू ठेव म्हणजे झालं."

त्या दुपारी माळणीने पहिला घास स्वतः उठून कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. "हा काऊचा." दुसरा आपल्या तोंडात घातला. "हा आईचा. आणि हा घास शेऊचा."

शेऊने दाराकडे पाहिलं. शेऊ नावाचं पाखरू कुठून येतंय, हेच ती बघत होती. माळणीने तिच्या पोटावर बोट टेकवलं. "ही काय शेऊ!"

शेऊने घास तोंडात घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि आईच्या मांडीवर थुंकून टाकला. माळीण रागावली नाही. मांडी पुसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेऊचा घास केला. त्या दिवशी शेऊने तो नुसता चाटला. तिसऱ्या दिवशी अर्धा खाल्ला, अर्धा आईला भरवला. आठव्या दिवशी आई आधी दूधभात कालवायला लागली, तर शेऊने ताटली आपटली. "छेऊचा घाछ?"

दिवाळी तोंडावर आली होती. माळीण भाकरी थापत होती. बाहेर काव काव झालं म्हणून तिने वळून पाहिलं. शेऊ दाराची चौकट धरून उभी होती. मुठीत काऊचा घास होता, गालात स्वतःचा. तिने चौकट सोडली. एक पाऊल टाकलं, डुलली, सावरली. मग दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, आणि ती भिंतीपाशी पोचली. कावळ्याने चोच जपून पुढे केली आणि तिच्या मुठीतला घास उचलला.

तव्यावरची भाकरी करपली. माळणीने डोळे पुसले आणि पिठाच्या हातांनीच कावळ्याला नमस्कार केला. रस्त्याने जाणारी माणसं हसली. हसोत बापडी! तिच्या घरी पुढे कितीही घाई असली, तरी काऊच्या घासाआधी कुणी ताटाला हात लावला नाही.

तेव्हा बाळगोपाळांनो आणि त्यांच्या आयांनो, बोध एवढाच: लेकराला भरवताना घास आधी त्याच्या नावाचा करावा, आणि ज्याने आपले डोळे उघडले त्याचा घास कधी विसरू नये.