शिवीचा कातळ

कारंडवाडीच्या कड्यावर हा जो काळा दगड पुढे आलाय, त्याला शिवीचा कातळ म्हणतात. समोर दरीपलीकडे दिसते ती पांढरेवाडी. पायवाटेने तिकडे पोचायला दुपार होते. आवाज मात्र चिलीम पेटायच्या आत पोचतो. सकाळी इथे आलेला पाहुणा आधी बिचकतो, कारण दोन्ही वाड्यांतली तरणी माणसं पलीकडच्या म्हाताऱ्यांना नावं घेऊन शिव्या घालत असतात. भांडण नसतं. तब्येतीची चौकशी असते.

असं सांगतात की फार पूर्वी कारंडवाडीत बिरू नावाचा पोरगा राहायचा. डोक्याने भडक, अक्षराशी वैर. त्याचा थोरला भाऊ म्हाकू पांढरेवाडीबाहेरच्या माळावर एकटाच म्हशी राखायचा. तो तापाने गेला आणि कुणाला कळलंसुद्धा नाही. धार न काढलेल्या म्हशी रेकत वाडीत शिरल्या, तेव्हा माणसं बघायला गेली.

बिरूला घास गिळेना. दादाने हाका मारल्या असतील, एवढंच त्याच्या डोक्यात. शेवटी एका सकाळी तो या कातळावर चढला आणि पांढरेवाडीकडे तोंड करून गरजला, "माणसं राहता का मढी? मेलात काय सगळे?"

उत्तर आलं ते ठकूआजीचं. ही म्हातारी पलीकडे कड्यालगतच्या खोपटात एकटी राहायची. कुणी भाकर आणून दिली तर कुत्र्याला घालायची. दया तिला सोसत नसे.

"तुझं मढं बशिवलं, मुडद्या! मी जिती हाय! तुझ्या तेराव्याचे लाडू खाऊन मगच जाईन!"

बिरूनेही मग तोंड सोडलं. उन्हं वर येईपर्यंत दोघं भांडली. घरी येऊन त्याने म्हणे भाकरीचं टोपलं रिकामं केलं, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. म्हातारी जिवंत आहे, एवढंच त्याला रोज ऐकायचं होतं.

बाकीच्या म्हाताऱ्यांना राग आला. "तिला एवढ्या शिव्या, आणि आम्ही काय पाप केलंय?" मग दोन्हीकडचे म्हातारे कड्यावर येऊन बसू लागले, पांगळ्यांना खांद्यावरून आणावं लागे. तरण्यांचे कान तयार झाले. म्हाताऱ्याची शिवी मधेच तुटली तर दमा. कुणाच्या बापाचं नाव चुकलं तर विसर पडू लागलाय. अलीकडच्यांनी ओरडून कळवायचं, पलीकडच्यांनी काढा घेऊन जायचं.

एका सकाळी बिरूने ठेवणीतली शिवी हासडली. पलीकडून कसाबसा आवाज आला, "बाळा, न्याहारी केलीस का रं?"

"पांढरेवाडीकरांनो, धावा! म्हातारी गोड बोलली!" असं किंचाळत बिरू पायवाट सोडून करवंदीच्या जाळ्यांतून थेट दरीत घुसला.

पोचला तेव्हा तोंड ओरबाडलेलं, धोतराच्या चिंध्या. खोपटात शेजारणी जमल्या होत्या, वैदू मुळी उगाळत होता. म्हातारीचं अंग निखाऱ्यासारखं तापलेलं. कुणाच्या हातचं न खाणारी ती मुकाट पेज गिळत होती. बिरू उंबऱ्यात बसला आणि ढसाढसा रडू लागला. म्हाकू गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता.

दिवस कलताना ठकूआजीने एक डोळा उघडला.

"कोण हंबरतंय हे रेडकू? बाहेर बांधा त्याला!"

सगळं खोपट हसलं म्हणे, आणि सगळ्यात मोठ्याने बिरू. दोन्ही वाड्यांनी भैरोबाची आण घेतली, की दरीअलीकडचा असो वा पलीकडचा, एकही म्हातारा शिवीवाचून दिवस काढणार नाही.

आजही ती आण पाळतात. मध्यंतरी आरोग्य केंद्रातल्या नव्या नर्सबाई औषधं घेऊन आल्या. इथल्या नाथूआज्याने हात जोडून म्हटलं, "देवासारख्या आलात, ताई." बाईंना बरं वाटलं. तेवढ्यात चार गडी झोळी घेऊन धावले आणि आज्याला उचलून चालू लागले. आज्याने त्यांच्या सात पिढ्या काढल्या, तेव्हा कुठे खाली ठेवलं. आता नर्सबाईही पिशवी उघडण्याआधी कातळावर उभ्या राहतात. शिवी त्यांना अजून नीट जमत नाही. नाथूआजा शिकवतो.