समाचाराचं गूळपाणी

राजा कोण होता आणि त्याचं राज्य कुठवर होतं, हे आता कुणालाच आठवत नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरा पुढे सरकून ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. गावात सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. पाणी खाली दरीतल्या झऱ्यावर. भरली घागर डोक्यावर घेऊन ती चढण चढायची म्हणजे भल्याभल्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून त्या गावात पाण्याला मोठा मान होता. घरी आलेल्याला तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा द्यायचा, याहून मोठं आदरातिथ्य नाही.

कुणी आजारी पडलं, की अख्खं गाव समाचाराला जायचं. त्याचीही रीत ठरलेली होती. आलेल्याने ओसरीवर बसायचं. आजाऱ्याच्या खोलीत बाहेरच्याने पाऊल टाकायचं नाही. घरच्यांनी त्याला गूळपाणी द्यायचं आणि काय झालं, कसं झालं, ते पहिल्यापासून सांगायचं. गूळपाणी न घेता जो उठेल, तो आजाऱ्याच्या वाईटावर आहे असं समजायचं. ही रीत कुणी घातली कोण जाणे. चांगल्या मनानेच घातली असेल.

या गावात एक सुईण राहत होती. गावातली निम्मीअधिक माणसं जन्मली ती तिच्याच हातांत. नवरा मागेच वारला होता. घरात थोरली लेक साळू आणि अजून बोबडं बोलणारा धाकटा मुलगा, एवढंच बिऱ्हाड. सुईण धट्टीकट्टी बाई, तिला कधी साधा ताप आलेला कुणी पाहिला नव्हता. म्हणून एके सकाळी भाकरी थापता थापता ती एका अंगावर कलंडली, तेव्हा साळूला वाटलं, आई थट्टा करते आहे.

ती थट्टा नव्हती. अर्धं अंग लुळं पडलं होतं, तोंड वाकडं झालं होतं आणि वाचा गेली होती.

वैद्यबुवा धावत आले. नाडी पाहिली, डोळे पाहिले, औषध उगाळून जिभेला लावलं आणि साळूला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, नीट ऐक. आईला कुशीवरच ठेवायचं. उताणी झाली, की लाळ घशात उतरेल आणि श्वास कोंडेल. अधूनमधून कूस बदलत राहा, पण तिच्याजवळून हलू नकोस. एवढे चार-सहा दिवस निभावलेस, तर बाई वाचेल."

"नक्की वाचेल ना, बुवा?"

"तू हलली नाहीस, तर वाचेल."

पलीकडच्या गावात पटकीची साथ होती. वैद्यबुवा तिकडे निघून गेले.

साळूने आईला कुशीवर वळवलं, पाठीशी गोधड्यांची वळकटी लावली आणि जवळ बसली. आईचा एक हात अजून चालत होता. त्या हाताने तिने लेकीच्या परकराचा काठ घट्ट धरला. बोलता येत नव्हतं, पण डोळे बोलत होते. साळू म्हणाली, "कुठं जात नाही गं मी, आई." आणि तिच्या मनात खरंच तसं होतं.

इतक्यात ओसरीवरून हाक आली, "साळू, अगं बाहेर ये. पाटील आलेत, पाटलीणबाई आल्यात."

साळू उठली. पाटलांना गूळपाणी दिलं आणि आई कशी कलंडली, ते सांगितलं. पाटील फार हळहळले. "काही लागलं तर सांग हं, पोरी. आम्ही आहोत," ते म्हणाले. ते उठतात न उठतात तोच सोनार आला. मग तेलीण आली, गुरव आला, वरच्या आळीच्या बायका आल्या, खालच्या आळीच्या आल्या. सुईणीचे कुणावर उपकार नव्हते? कुणाला मागे राहून चालणार होतं? जो तो यायचा, टेकायचा आणि विचारायचा, "कसं झालं गं?" साळू पहिल्यापासून सांगायची. प्रत्येकाच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी यायचं. उठताना जो तो म्हणायचा, "आम्ही आहोत."

धाकट्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तो ओसरीभर रडत फिरत होता. "आईविना पोराचे कसे हाल!" असं म्हणत सगळे त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते. भाकरीचा तुकडा मात्र कुणी पुढे केला नाही. शेवटी त्याने गुळाच्या ताटलीतला खडा उचलला आणि तोच चघळत बसला.

दोन गूळपाण्यांच्या मध्ये साळू आत पळायची, आईला वळवायची, तोंड पुसायची. दुसऱ्या दिवशी तिला उभ्या उभ्या झापड यायला लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी रांजण तळाला गेला. ओसरी माणसांनी भरलेली आणि घरात पाण्याचा थेंब नाही.

साळूच्या अंगावर काटा आला. लोक पाणी न घेता उठले, तर साऱ्या गावाने आपल्या आईचं वाईट चिंतलं असं होईल! तिने धीर करून पाटलीणबाईंना म्हटलं, "काकू, मी झऱ्यावरून घागर आणते. तोवर जरा आत आईजवळ बसता का?"

पाटलीणबाईंनी जीभ चावली. "अगं बाई, बाहेरच्यानं आत जायचं नसतं. आजाऱ्याला बाधतं ते. तू जा आणि लगेच ये. आम्ही आहोत की इथं सगळे."

साळू आत गेली. आईला नीट कुशीवर केलं, वळकटी पक्की लावली. निघायला लागली, तर आई परकराचा काठ सोडेना. मान हलवता येत नव्हती, पण डोळे नाही नाही म्हणत होते. "आत्ता येते," असं म्हणत साळूने तिचं एकेक बोट सोडवलं. मग घागर उचलून ती मागच्या दाराने निघाली.

आता ओसरीवरचं ऐका. आईने लेकीच्या मागे हात लांबवला असावा. वळकटी सरकली आणि ती उताणी झाली. आतून घरघर ऐकू येऊ लागली. धाकटा आत डोकावला आणि बाहेर येऊन पाटलांच्या उपरण्याला ओढत म्हणाला, "आई कशी कलते, बघा ना."

पाटील हळव्या आवाजात म्हणाले, "आजारी आहे ना बाळा ती. कण्हणारच." आणि आजाऱ्याला त्रास नको, म्हणून सगळ्यांनी आपापली कुजबुज आणखी खाली आणली.

थोड्या वेळाने घरघर थांबली. "डोळा लागला वाटतं," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना बरं वाटलं.

साळू घामाने निथळत, धापा टाकत आली. घागर उतरवून आधी आत गेली. बाहेर तिची किंकाळीच ऐकू आली.

मग मात्र रीत बाजूला ठेवून सगळे आत धावले. आई गेली होती. तिचा चांगला हात दाराच्या दिशेने पसरलेला होता. पाटलांनी डोळे पुसले आणि सवयीने विचारलं, "कसं झालं गं, पोरी?"

साळूने त्यांच्याकडे पाहिलं. "मी इथं नव्हते, पाटील. तुम्ही होता. तुम्हीच सांगा."

ओसरीवरची गर्दी तेवढ्यात ओसरली. त्या दिवशी आणलेली घागर तशीच भरलेली राहिली. तिच्यातल्या पाण्याने आईला शेवटची अंघोळ घातली.

काही काळ गेला. एके दिवशी पाटीलच घोड्यावरून उतरताना कोसळले. तेच दुखणं, तसंच वाकडं तोंड. पाटलांच्या वाड्यावर सगळं गाव लोटलं. पाटलीणबाई रडत रडत गुळाची ताटली फिरवत होत्या, पाणी देत होत्या, कसं झालं ते सांगत होत्या. आत पाटील एकटे होते.

गर्दीतून साळू आली. "ही कशाला आली?" असं ज्याला त्याला वाटलं. पाटलीणबाईंनी मान खाली घालून ताटली पुढे केली. साळूने गूळ घेतला नाही. ताटलीच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली.

"काकू, तुम्ही आत जाऊन बसा. त्यांना कुशीवर ठेवा आणि काही झालं तरी उठू नका," ती म्हणाली. मग ओसरीकडे वळली. "आणि तुम्ही हो? घागरी तिथं आहेत, चूल तिथं आहे, पोरं उपाशी आहेत. रडणं घरी जाऊनही होईल."

आधी सोनार उठला आणि त्याने घागर उचलली. मग तेलीण चुलीकडे गेली.

पाटील वाचले. सुईण वाचली नव्हती. हा हिशेब गावाने कधी मोठ्याने बोलून दाखवला नाही, पण तेव्हापासून आजाऱ्याच्या दारात रिकामी घागर ठेवायची रीत पडली. येणारा आधी घागर भरून आणतो, मग विचारपूस करतो. साळू म्हातारी झाली, नातवंडांची आजी झाली, पण गुळाचा खडा तिने पुन्हा कधी तोंडात घातला नाही.

आजाऱ्याच्या घरी पाहुणा होऊन जाऊ नये. त्या घरचं एखादं काम आपल्या हाती घ्यायला जावं.